शेपटी आत होती

बायको गेल्यापासून लोणावळ्याच्या या घरात माझ्याशी बोलणारं कुणी नाही. त्यामुळेच असेल, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावर मी पुन्हा जुन्या प्रथिनांकडे वळलो. एका प्रथिनाचा आकार शोधण्यात आमच्या प्रयोगशाळेची कित्येक वर्षं गेली होती. आता प्रथिनाच्या घटकांची अक्षरमाला संगणकात टाकली की कृत्रिम बुद्धिमत्ता आकाराचं चित्र काढून देते. तिला खात्री असेल तो भाग निळा, नसेल तो नारिंगी.

मी त्याच प्रथिनाची अक्षरं टाकली. चहा निवायच्या आत चित्र आलं. प्रथिनाची शेपटी आत वळलेली होती आणि गडद निळी होती. मी नारिंगीची आशा धरून बसलो होतो.

शेपटी आत वळते, हे माझी एक विद्यार्थिनी तेव्हाच सांगत होती. प्रथिनं कापणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तिने त्या प्रथिनावर घालून पाहिलं. शेपटी बाहेर लोंबत असती तर तुटलीच असती. ती तुटली नाही. मी म्हणालो, "वीज गेल्यामुळे फ्रीज बंद पडला होता. विकर मेलं असेल." माझा शोधनिबंध बाहेर लोंबणाऱ्या शेपटीसह छापून आला. तिने संशोधन सोडलं आणि कान्हे गावातल्या शाळेत विज्ञान शिकवू लागली.

गेल्या आठवड्यात चित्राचा कागद घेऊन तिच्या घरी गेलो. ओट्यावर तिची सासू बसली होती.

"कुटनं आलात, आबा?"

"लोणावळ्याहून."

"आन् नुसता कागूद? चिक्की तरी आनायची!"

आवाज ऐकून माझी विद्यार्थिनी बाहेर आली. चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली.

"तुझंच बरोबर होतं," मी म्हणालो. "मासिकाला दुरुस्ती पाठवतो. नव्या तंत्राने तुझं म्हणणं खरं ठरलं, असं लिहितो."

"यंत्राचं बरं लगेच ऐकलंत, सर!" ती हसली, पण कागद तिने परत दिला. "हा अंदाज आहे. पुरावा मी तेव्हाच दिला होता. तेव्हा काय झालं ते लिहा. नाहीतर माझं नाव घालू नका."

घरी येऊन लिहायला बसलो. यंत्राचा उल्लेख काढून टाकला. मग तिला फोन करून वाचून दाखवलं: 'तिने प्रयोग केला त्याच दुपारी, त्याच कुपीतलं विकर मी माझ्या दुसऱ्या प्रथिनावर वापरलं होतं. त्याने ते व्यवस्थित कापलं होतं. विकर चांगलं आहे, हे मला ठाऊक होतं.'



"पाठवा," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.