पावणेदोनची चौकट

सांगलीतल्या आमच्या कचेरीत संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. तिथे सेटिंग दोन प्रकारचं असतं, एक सगळ्यांसाठी आणि एक ज्याचं त्याचं. आपल्या खात्यात कुणी अक्षरं मोठी ठेवा, कुणी देवीचा फोटो लावा, मला काय त्याचं! सगळ्यांसाठीच्या सेटिंगला मात्र माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा माझा खाक्या.

आवक-जावक बघणारा माझा मित्र गेल्या वर्षी खुर्चीतच गेला. तेरावं झाल्यावर मी त्याचं खातं पुसलं.

पुढे नवे संगणक आले. त्याने त्यांना कधी बोटही लावलं नव्हतं. शुक्रवारी एका नव्या कारकुनाला नवं खातं उघडून दिलं, तर दहाव्या मिनिटाला तो माझ्यासमोर हजर.

"आवं, माऊस उलटा चालतोय. डावखुऱ्याचा असल्यागत."

मित्र डावखुरा होता. मी हसण्यावारी नेलं. पावणेदोनला मात्र कारकुनाच्या पडद्यावर पिवळी चौकट उमटली: 'ऊठ आता. डबा खा.' कामात जेवायचं विसरतो आणि घरी बायकोची बोलणी खातो, म्हणून मित्राने स्वतःसाठी लावून ठेवलेली ती आठवण होती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"हितंच हायती त्ये," शिपाई हळूच म्हणाला. "जात्यात कुठं?"

उशिरा माझी ट्यूब पेटली. तो जायच्या आठवडाभर आधी मला नव्या खात्यांसाठी नमुना हवा होता. मराठी टाइपिंग, प्रिंटर, सगळं त्याच्याच खात्यात झकास लावलेलं. आळस केला आणि तेच उचलून नमुन्याच्या जागी ठेवलं. नवे संगणक आले तेव्हा त्यांच्यावरही तोच नमुना चढवला. आता प्रत्येक नवं खातं त्याच्याच सवयी घेऊन जन्माला येत होतं. कारण कळलं, पण भीती काही गेली नाही.

सोमवारी त्याची बायको अनुकंपेवर रुजू होणार होती. वहिनींच्या डोळ्यांसमोर हे यायला नको, एवढाच माझा घोर. मी नमुना पुसला, कारकुनाचं खातंही साफ केलं आणि निर्धास्त झालो.

सोमवारी पावणेदोनला जेवायला उठता उठता वहिनींच्या टेबलाकडे नजर गेली. त्या पडद्यावरच्या पिवळ्या चौकटीकडे टक लावून बसल्या होत्या. त्यांचं खातं मी शुक्रवारी सकाळीच उघडून ठेवलं होतं. नमुना बदलला तरी आधी उघडलेली खाती तशीच राहतात, हे मी, इतक्या वर्षांचा जाणकार, साफ विसरलो होतो. शरमेने मेल्यासारखं झालं. मी धावलो.

"भावजी," त्यांनी विचारलं, "हे समद्यांस्नी दिसतं का?"

"नाही वहिनी. आता फक्त तुम्हालाच."

"मग ऱ्हाऊ द्या."

मी तिथेच उभा राहिलो. त्यांनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "व्हय वं, खाते."