गाडी बंद झालीच नव्हती

मी कळमेश्वरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. मीटर चुकत असेल तर मीटर बदलायचा, माणूस चुकत असेल तर त्याला समजवायचं – बावीस वर्षं हेच केलंय. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव बायकोला मोठ्यानं वाचून दाखवून खिदळणारा माणूस मी! त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय, पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

मागच्या वर्षी सेकंडहॅन्ड ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिच्यात ते स्टार्ट-स्टॉप... सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं की इंजिन आपोआप बंद, ब्रेक सोडला की चालू. पेट्रोल वाचतं म्हणे. वाचत असेल बापा, पण नागपूरचा मे महिना! इंजिनाबरोबर एसीचं गार होणंही बंद, आणि दोन मिनिटांत गाडीची भट्टी. हे बंद ठेवायला बटण असतं, पण ते दर वेळी गाडी सुरू केली की नव्यानं दाबावं लागतं. आई सोबत असली की प्रत्येक सिग्नलला विचारायची, "मेली का गा गाडी?"

शेवटी एका रविवारी लॅपटॉपवर डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर टाकलं आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटला केबल जोडून बसलो. युक्ती सोपी आहे. बॅटरीचा व्होल्टेज ठरावीक आकड्याच्या वर असेल तरच ही गाडी इंजिन बंद करते. तो आकडा इतका वाढवून ठेवायचा, की बॅटरी तिथवर कधी पोचणारच नाही. बॅटरी उतरलीय असं समजून गाडी इंजिन चालूच ठेवते. थोडक्यात, गाडीशी खोटं बोलायचं. पुढचे तीन आठवडे एकाही सिग्नलला इंजिन बंद झालं नाही आणि मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

आई खाप्याला धाकट्या भावाकडे असते. वय बहात्तर, शुगर आहे. तिला डोळ्यांच्या तपासणीसाठी नागपूरला आणायला गेलो. निघताना विचारलं, "जेवली ना वं आई? शुगरची गोळी घेतली?"

"सगळं झालं गा. चाल आता, ऊन वाढून राहिलं."

ती मागच्या सीटवर आडवी झाली. मी एसी फुल केला, गाणी लावली. आरशातून दोनदा पाहिलं, शांत झोपलेली दिसली. एकच्या सुमारास मानकापूरच्या अलीकडे सिग्नल लाल झाला. मी थांबलो... आणि इंजिन बंद झालं.

नुसतं इंजिन नाही – एसीचा पंखा, गाणी, सगळंच. स्टार्ट-स्टॉपमध्ये पंखा आणि गाणी कधी बंद होत नाहीत हो! समोर डॅशबोर्डवर मात्र स्टार्ट-स्टॉपचाच हिरवा दिवा लागलेला. मी बधिर होऊन त्या दिव्याकडे पाहत राहिलो. काचा बंद, गाडीत चिडीचूप. आणि त्या शांततेत मागून आवाज आला.

घोरणं नव्हतं ते. घशात अडकून अडकून येणारा श्वास होता.

वळून पाहिलं तर आई घामानं निथळत होती. एवढ्या गार गाडीत! कपाळाला हात लावला, थंडगार. "आई! आई वं!" डोळे अर्धे उघडे, पण ओळख नाही. मागून हॉर्न सुरू झाले. एका बाईकवाल्यानं काचेवर टकटक केलं, "काहून उभे राहिले भाऊ, सिग्नल सुटला ना?" मग त्याचं लक्ष आईकडे गेलं. "माझ्या मागं या. समोरच दवाखाना आहे." मी स्टार्टचं बटण दाबलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

शुगर पार खाली गेली होती. सलाईन लावल्यावर तासाभरानं आईनं मला नावानं हाक मारली. डॉक्टर म्हणाले, "झोपली आहे समजून आणखी अर्धा तास गेला असता, तर अवघड होतं." मग कळलं – त्या दिवशी संकष्टी होती. डॉक्टरांनी उपास बंद केलेले, म्हणून बाईंनी माझ्याशी खोटं बोलून उपास केला, आणि गोळी मात्र इमानदारीनं घेतली!

संध्याकाळी गाडीकडे वळलो. सॉकेटमध्ये एक छोटं यंत्र कायम लावलेलं असतं, ते इंजिनाचे सेकंदासेकंदाचे फेरे मोबाईलवर नोंदवतं. मी तो सिग्नल शोधला. गाडी उभी आहे, वेग शून्य. आणि इंजिनाचे फेरे? मिनिटाला साडेसातशेच्या आसपास, सलग. नोंदीप्रमाणे इंजिन बंद झालंच नव्हतं. लॅपटॉप लावला. मी टाकलेला आकडा जागच्या जागी, एकही बिघाड नोंदलेला नाही.

म्हटलं, मलाच भास झाला असेल. ऊन, टेन्शन... चालतं.

दुसऱ्या दिवशी आई उशीला टेकून बसली होती. मी सहज विचारलं, "तुले गाडीतलं काही आठवते का?"

"आठवते ना. जीव घाबरला म्हणून तुले हाका मारून राहिली होती मी. आवाजच फुटेना, अन् तुह्या त्या गाण्यात तुले काय ऐकू येते! मंग गाडीलेच म्हटलं – थांब वं माय, पोराले माह्याकडे पाहू दे." तिनं माझा हात धरला. "थांबली बिचारी."

मी काहीतरी निमित्त काढून बाहेर आलो आणि पॅसेजमध्ये उभा राहून रडलो. त्या नोंदीचा आलेख आजही फोनमध्ये आहे. कारखान्यातल्या तिघांना दाखवला. तिघंही म्हणाले, इंजिन चालू होतं. माझं सगळं शिक्षण तेच म्हणतं. पण मग त्या गाण्यांत, पंख्याच्या आवाजात मला आईचा श्वास ऐकू आला कसा?