बाभळीवरचा कापूस

ती घटना अजूनही डोळ्यांसमोर येते, ती धुक्यासकट. पन्नासच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा तालुक्याचे गाव होते आणि मी तिथल्या ठाण्यात नवा फौजदार होतो. कापसाचा हंगाम चालू होता. सकाळची हजेरी आटोपत असताना एक गाडीवान दारात येऊन उभा राहिला. अनसिंगच्या सडकेवर देवीची लस टोचणारा एक कर्मचारी सायकलसकट चरात पडलेला त्याला सापडला होता. आपल्या बैलगाडीत घालून त्याने त्याला दवाखान्यात पोचवले होते.

मी जबाब घ्यायला गेलो. मांडीचे हाड मोडले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, पाय राहील, पण सायकल पुन्हा जमायची नाही. त्या माणसाला ते अजून कळले नव्हते. त्याने आधी मलाच विचारले, पेटीतल्या लशीच्या नळ्या फुटल्या का.

"भोंगा ऐकला, साहेब," तो हळूहळू सांगू लागला. "मी माह्या बाजूनं चाललो होतो, मंग काहून उतरू? तेवढ्यात धुक्यातून पांढरा ढग अंगावर येऊन राह्यला असं वाटलं. वारा लागला, अन् मी चरात."

मोटर लागली का, असे मी विचारले. नाही म्हणाला. खोटे बोलला असता तर माझे काम सोपे झाले असते.

ठाण्यातल्या जमादाराने सायकल तपासली होती. तिला कुठे घासल्याची खूण नव्हती. माणूस धुक्यात आपसूक पडला, प्रकरण मिटवून टाकावे, असे त्याचे मत पडले. मी माझी सायकल काढून जागेवर गेलो.

धुके अजून उठले नव्हते. दोन्हीकडे शेते होती की पाणी, सांगता आले नसते. बैलांच्या घुंगरांचा आवाज यायचा, बैल दिसायचे नाहीत. सडकेला लागून एक बाई कापूस वेचत होती. पोलीस पाहून ती आधी मान खाली घालून वेचतच राहिली. मग तिने सांगितले, कापसाचा ट्रक वाशीमकडे गेला, त्याच्या कपाळावर मोर काढला होता.

"मोटर त्या मानसाच्या अंगावर गेली, साहेब," ती म्हणाली, "अन् त्याले शिवली नाई."

चराच्या वर एक बाभूळ होती. सहज मान वर केली, तर तिच्या फांद्यांना कापसाचे ताजे पुंजके लटकलेले. बैलगाडीचा माल तेवढ्या उंचीवर पोचत नाही. आणि ही बाजू अनसिंगकडे जाणाऱ्याची. वाशीमकडे येणाऱ्या ट्रकचे इथे काही कामच नव्हते. मी पंचनाम्यासाठी माणसे बोलावली आणि ते पुंजके कागदात बांधून घेतले.

वाशीमला सरकी काढायच्या जिनात मोराचा ट्रक सापडला. उजव्या अंगाला, मालावर आवळलेल्या दोरात, बाभळीची काटेरी फांदी अडकली होती.

चालक चाळिशीचा, शांत माणूस होता. कुणाला धक्का लागला नाही, हेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मी आवाज चढवला नाही. फांदी टेबलावर ठेवली आणि विचारले, ही दुसऱ्या बाजूची बाभूळ तुझ्या ट्रकात कशी आली?

"तो उतरला नाही, साहेब," शेवटी तो म्हणाला. "मोटर पाहून सारेच खाली उतरते. मले राग आला. मी फक्त भेव दाखवला."

त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता, नवल होते. सडक मोटरीची, हे त्याला कुणी शिकवले नव्हते, आणि उलटही कुणी सांगितले नव्हते.

किती अंतर राखून पुढे जावे, असा आकडा मला कायद्यात सापडला नाही. पण बेदरकार गाडी हाकून माणसाला जबर दुखापत करणे हा गुन्हा होता, आणि त्यात गाडीने शिवलेच पाहिजे असे म्हटलेले नव्हते. तेवढ्यावर मी दोषारोपपत्र पाठवले. न्यायालयाने ते ग्राह्य धरले. चालकाला कैद झाली. लस टोचणारा काठी घेऊन पायी गावे फिरू लागला.

पुढे मला बढती मिळाली, जीप मिळाली. आमचा भोंगा वाजला की माणसे लांबूनच शेतात उतरून उभी राहत. इतकी वर्षे मी त्याला मान समजत आलो होतो. एका सकाळी, अशाच धुक्यात, डोक्यावर भारा घेतलेला एक म्हातारा ज्वारीत उतरून हात जोडून उभा राहिला. मी जीप थांबवली, खाली उतरलो आणि म्हणालो, "बाबा, तुमी चाला आधी."

त्याला खरे वाटेना. पुन्हा सांगितल्यावर तो सडकेवर आला आणि दर चार पावलांनी मागे वळून पाहत चालू लागला. मी जीपच्या चालकाला भोंगा वाजवू दिला नाही. तो वळून पाहायचा थांबेपर्यंत आम्ही त्याच्या मागे, त्याच्याच चालीने, जात राहिलो.