अंगावर चोख बसणारा कोट

आमच्या ह्यांना स्वस्थ बसता येत नाही. शिंपी माणूस, हातात कापड नसलं की स्वतःच्याच पँटच्या शिवणीवर नख फिरवत राहतात. दवाखान्यात त्या तीन दिवसांत तर पायाला भिंगरी लागली होती. वॉर्डाच्या दारापासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून दारापर्यंत, गळ्यात दुकानातला टेप तसाच. मी दोनदा म्हटलं, "अहो, तो टेप तरी काढा. लोकांना वाटेल खाटांची मापं घ्यायला आलाय." ऐकतील तर शपथ.

आत माझ्या थोरल्या नणंदबाई होत्या. ह्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. आई गेल्यावर ह्यांना त्यांनीच वाढवलं, पगारातून साठवून पहिलं शिलाई मशीनही त्यांनीच घेऊन दिलं. पोस्टात खिडकीवर बसतात. सोमवारी सकाळी पाकिटांवर शिक्के मारता मारता खुर्चीवरून खाली कोसळल्या. तेव्हापासून हृदय नुसतं धावत होतं. का धावतंय ते कोणाला कळत नव्हतं, आणि असंच धावत राहिलं तर जिवाला धोका आहे, हे डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

बुधवारी दुपारी हे खाटेभोवतीच्या पडद्याची उसवलेली कड खिशातल्या सुईदोऱ्याने शिवत होते. सिस्टर ओरडल्या, "काका, हे दवाखान्याचं सामान आहे!"

"म्हणूनच असं कच्चं शिवलंय," हे म्हणाले आणि पुढचा टाका घातला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. "ताई, अलीकडे वजन कमी झालंय का तुमचं?"

"छे हो. मी आधीपासूनच अशी काडी."

डॉक्टरीणबाईंनी खुंटीवरच्या पोस्टाच्या कोटाकडे पाहिलं. "हाच घालून आला होतात ना? अंगाला अगदी चोख बसला होता. म्हणजे तसं काही नसावं." मग माझ्याकडे वळल्या. "घरच्यांना काही जाणवलं?"

मी नकारार्थी मान हलवली. खोटं नव्हतं ते. दर रविवारी ताई आमच्याकडे जेवायला असायच्या. अलीकडे प्रत्येक गोष्ट दोनदा वाढून घ्यायच्या. माझ्या हाताला चव आली असं मी समजत होते!

"मग उद्या हृदयात नळी घालून तपासणी करू. थोडी जोखीम आहे. संध्याकाळी सही लागेल."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हातात सुई, चेहरा पांढराफटक. मग सुई तशीच पडद्याला टोचून हे वळले आणि चालते झाले. मी जिन्यापर्यंत मागे धावले, हाका मारल्या. खालच्या फाटकातून बाहेर पडताना दिसले. माझं डोकंच फिरलं. एवढी वेळ आलीय बहिणीवर, आणि हा माणूस काढता पाय घेतो! त्या तासाभरात मनातल्या मनात मी ह्यांना जे जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आले तेव्हा घामाने निथळत होते. काखेत दुकानातली मापांची वही. आता गिऱ्हाईकं आठवली का, असं विचारणार होते, पण हे मला ओलांडून थेट डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"तो कोट पाच वेळा आत घेतलाय मी."

"म्हणजे?"

"बाजूच्या शिवणी उसवून कंबर लहान केलीय. पाच वेळा. अकरा महिन्यांत." ह्यांनी वही उघडली. "चौतीस. मग तेहतीस. बत्तीस. साडेतीस..." डॉक्टरीणबाईंनी वही हातात घेऊन पुढचं स्वतःच वाचलं. "एकोणतीस. अठ्ठावीस."

"सहा इंच! आणि तुम्ही कोणाला काहीच बोलला नाहीत?"

"थट्टा करायचो. म्हणायचो, ताई, तुझ्यापायी माझ्या सुया झिजल्या. आणि द्यायचो शिवून. कोणाच्या लक्षात येऊ नये असं शिवायचो. तेच तर काम माझं." एवढं बोलून हे सगळ्या वॉर्डासमोर रडायला लागले. मघाचा माझा राग कुठल्या कुठे गेला. मला नुसती लाज वाटत होती.

"गप रे," ताई उशीवरून म्हणाल्या. "मीच म्हणायचे ना घट्ट कर म्हणून. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. आजारी दिसले असते तर खिडकीवरून उठवलं असतं मला. आणि आजारी कसली? भूक तर दुप्पट लागायची!"

"भूक दुप्पट?" डॉक्टरीणबाई झटकन वळल्या. "उकडतं फार? हात थरथरतात?"

ताईंनी हात पांघरुणाखाली घेतले.

नळी घालायची राहिलीच. त्याच संध्याकाळी रक्त नेलं आणि दुसऱ्या दिवशी कळलं: गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी अनावर झाली होती, तीच हृदयाला पळवत होती. गोळ्या सुरू झाल्या. ठोके उतरायला आणखी पाच दिवस लागले, आणि ते पाचही दिवस हे यंत्रावरच्या आकड्यासमोर येरझाऱ्या घालत होते.

घरी सोडायच्या दिवशी ह्यांनी कोट आणला. ताईंनी घातला आणि बघतच राहिल्या. पाचही वेळच्या शिवणी उसवलेल्या. अंगावर गोणपाट टाकल्यासारखा दिसत होता.

"हा काय अवतार केलास? खिडकीवर लोक विचारतील, काय झालं म्हणून!"

"विचारू देत," हे म्हणाले आणि खाली बसून त्यांची बटणं लावू लागले.

आता दर महिन्याला ताई दुकानात येतात. हे टेप लावतात, वहीत आकडा लिहितात. परवा कंबर एकोणतीस भरली. कोट अजून पाच इंच सैल आहे, आणि हे त्याला हात लावत नाहीत.