जेवणघरातल्या पाईपची टेस्ट

माझं माहेर दुष्काळी माण तालुक्यातलं. मी दहावी होईपर्यंत आमच्या घराच्या भिंतींना गिलावा नव्हता. शाळेतल्या पोरी विचारायच्या, "तुमचं घर कंचं गं? त्ये बिनगिलाव्याचं?" आणि मी "व्हय" म्हणून खाली बघायचे. वडिलांनी शेवटी गिलावा करून घेतला, तेव्हा आईनं भिंतीवरून हात फिरवत अख्ख्या घराला चक्कर मारली होती. आणि आता मी पन्नाशीला आल्यावर, माझ्याच पोटच्या पोरीनं फलटणच्या आमच्या गुळगुळीत भिंतीवर छिन्नी चालवायला माणूस आणला. माझं डोकं फिरलं नसतं तरच नवल.

"आई, याला इंडस्ट्रियल स्टाईल म्हणतात," लेक म्हणाली. पुण्याला इंटिरियरचा कोर्स करून ती नुकतीच परत आली होती आणि आमची जेवणाची खोली हे तिचं पहिलं काम होतं. "विटा उघड्या, लोखंड उघडं, पाईप उघडे. एकदम कारखान्यासारखं."

"कारखान्यात बसून जेवायचंय का आपल्याला?"

"पुण्यात अशा ठिकाणी जेवायला लोक रांगा लावतात."

लावत असतील. आमच्याकडे गिलावा नव्हता तेव्हा मात्र कुणी रांग लावल्याचं मला आठवत नाही.

पण तक्रार करायला मला तोंड नव्हतं, कारण खोली बदलायचा घाट मीच घातला होता. तो सजावटीसाठी नव्हता, सासऱ्यांसाठी होता. त्यांना घरात सगळे आबा म्हणतात. साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर म्हणून त्यांनी उभी हयात काढली. सासूबाई गेल्या, त्यानंतर दोन वर्षं ते आपल्या खोलीत एकटेच जेवत होते. मी ताट नेऊन ठेवायचे आणि थोड्या वेळानं रिकामं ताट घेऊन यायचे. बाहेर या म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आगं, जागा कुठाय तितं? तुमी बसा निवांत." जुन्या टेबलाची एक बाजू भिंतीला आणि दुसरी फ्रिजला चिकटलेली होती हे खरं. पण नवरा सैन्यात, सुट्टीवर येईल तेवढाच घरचा. टेबलावर माणसं दोनच, मी आणि लेक. तरी आबा ते कारण सोडायला तयार नव्हते.

या माणसानं मला शिकवलंय. लग्न होऊन आले तेव्हा माझं डी.एड. अर्धं राहिलं होतं. "पोरीचं वरीस वाया घालवायचं न्हाई," एवढं एकच वाक्य त्यांनी घरात सांगितलं आणि विषय मिटला. लेक तान्ही असताना माझ्या परीक्षा आल्या, तर आबांनी कारखान्यात रात्रपाळी मागून घेतली आणि दिवसा झोपायचं सोडून ते झोळीची दोरी ओढत बसले. आज मी शाळेत शिकवते ती त्या दोरीच्या जोरावर. असा माणूस माझ्या घरात एका खोलीत बसून एकटा जेवतो, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. मोठं टेबल आलं की त्यांचं कारण संपेल आणि ते आमच्यात येऊन बसतील, एवढाच माझा बेत होता.

तर टेबल आलं. बांधावरची जुनी बाभूळ वाऱ्यानं पडली होती. तिच्या जाड फळ्या, खाली लोखंडी पाय. भिंतीच्या विटा उघड्या झाल्या आणि खरं सांगायचं तर दिसायला वाईट दिसेनात. लेकीचा खरा जीव मात्र पाईपमध्ये अडकला होता. फरशीत बुजवलेल्या टोकापासून निघून भिंतीवरून वर, टेबलाच्या डोक्यावरून आडवा, आणि पलीकडच्या भिंतीवरून पुन्हा खाली असा तो काळा पाईप. त्याला कप टांगायला आकडे, आणि खालच्या टोकाशी लाल चाकाचा व्हॉल्व्ह. आत ना पाणी, ना वायर.

आबा दारात येऊन बघत उभे राहिले.

"ह्यातनं काय जातंय?"

"काही नाही आबा, शोभेचा आहे," लेक म्हणाली.

"मग व्हॉल्व कशाला?"

"तोही शोभेचाच."

आबांनी एका सांध्यावर अंगठा फिरवला आणि परत गेले. ते दारापर्यंत आले यातच मला आनंद. मनात म्हटलं, आज दारात आले, उद्या खुर्चीवर येतील.

दुसऱ्या दिवशी शनिवार, माझी सकाळची शाळा. टेबलाला पॉलिश करायला माणूस रविवारी येणार होता. लेक दिव्यांच्या काळ्या टोप्या आणायला साताऱ्याला गेली होती. दुपारी मी चपला काढत होते तोच आतून पाणी पडल्याचा आवाज आला.

बेसिनच्या नळाला बागेतली रबरी नळी लावलेली. तिचं दुसरं टोक व्हॉल्व्हखालच्या पाईपच्या तोंडात घालून तारेनं आवळलेलं. लाल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. आणि टेबलाच्या वर असलेल्या एकेका सांध्यातून गंजाचं काळपट पाणी खाली टपटपत होतं. कोऱ्या बाभळीच्या फळ्या ते पीत होत्या. शेजारी आबा हातात पान्हा घेऊन वर बघत उभे.

"पाच जॉईंट गळत्यात," मला बघून ते म्हणाले, अगदी साहेबाला कळवावं तसं. "निस्तं हातानं आवळल्यात. ना आट्यांवर ताग गुंडाळलाय, ना वर सफेद्याचा लेप दिलाय. टेस्ट केल्याबिगर पाईप चढिवला कुणी?"

कारखान्यात दर हंगामाआधी बॉयलर पाण्यानं गच्च भरून दाब देऊन बघतात. कुठं थेंब दिसला तर तो सांधा उकलून पुन्हा बांधायचा. त्याशिवाय आत विस्तव घालायचा नाही. आबांनी आयुष्यभर हेच केलं. माणसांच्या डोक्यावरून जाणारा पाईप, आणि तोही बिनटेस्टचा, हे त्यांच्या मनाला पटणारच नव्हतं.

तेवढ्यात लेक टोप्यांची पिशवी घेऊन आत आली आणि किंचाळली, "आबा, तो खोटा पाईप आहे!"

"पाईप खोटा कसा असंल, पोरी?"

इथं कुणीतरी हसायला हवं होतं. पण मी माणची. टँकरमागं घागर घेऊन पळालेली. फरशीवरून वाहणारं पाणी दिसलं आणि माझं तोंड सुटलं. "आवं आबा, काय हे सांडून ठेवलंय? नव्याकोऱ्या टेबलाचं वाटोळं केलंत!"

आबांनी मुकाट नळ बंद केला. खांद्यावरचा पंचा घेऊन टेबल पुसायला लागले. काळं आणखीच पसरलं. त्यांचा उजवा हात थरथरत होता. तो थरथरतो हे मला ठाऊक होतं. वय झालं की व्हायचंच, असं धरून मी त्याचा कधी विचारच केला नव्हता.

"म्हणूनच म्या भाईर येत न्हाई जेवायला," खाली बघत ते म्हणाले. "माजा घास बी सांडतोय. तुमच्या म्होरं कशाला त्यो तमाशा?"

आणि पंचा तिथंच ठेवून ते खोलीत गेले.

इथं घोडं पेंड खात होतं तर. जागेचं कारण मी खरं मानलं, त्यासाठी भिंत फोडली, टेबल केलं, आणि घास सांडतो म्हणून लपून जेवणाऱ्या माणसाला "सांडून ठेवलंय" असं मीच सुनावलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. संध्याकाळी त्यांचं ताट जसंच्या तसं परत आलं.

सकाळी पॉलिशवाला आला. त्यानं फळ्यांवर नख मारून बघितलं. "बाभळीला लोखंडाचं पाणी लागलं की असंच काळं पडतंय. घासून न्हाई जायचं. रंधा मारून एक पदर काढतो, मग पयल्यागत हुईल."

"रंधा मारायचा नाही," मी म्हणाले. "वरनं तेल लावा आणि असंच राहू द्या."

"आई!" लेकीचे डोळे भरले. "माझं पहिलं काम आहे. मला फोटो टाकायचे होते."

तिचंही खरं होतं. महिनाभर ती पोर त्या खोलीत राबली होती. मी तिला म्हटलं, "टेबल कोरं झालं, तर आबा त्याच्या जवळपाससुद्धा येणार नाहीत." तिनं त्या काळ्या ओघळांवरून बोट फिरवलं. मग पॉलिशवाल्याला तेलाचं सांगितलं, आबांचा पान्हा उचलला आणि त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आबा, तुम्ही म्हणत होता तो ताग कुठं मिळतो?"

आत खाट करकरली.

पुढचे चार दिवस आमचं घर म्हणजे खरोखरीचा कारखाना झालं. लेक शिडीवर, आबा खाली खुर्चीवर. ताग गुंडाळणं आबांच्या बोटांना जमेना, म्हणून बोटं लेकीची आणि अक्कल आबांची. "उलटा गुंडाळतीयास. आट्याच्या अंगानं घे. हां. आता सफेदा लाव, तूप लावल्यागत नगं, दाबून लाव." एकदा तर तिला रागानं "तुला कुणी पास केली गं?" असंही म्हणाले, आणि ती शिडीवर पोट धरून हसली. मी शाळेतून आले की चहा करून देत होते. बाकी मला कुणी विचारत नव्हतं, आणि तेच मला गोड वाटत होतं.

गुरुवारी गुरुपौर्णिमेची सुट्टी होती. दुपारी दुसरी टेस्ट झाली. या वेळी नळी मीच जोडली. पाच सांध्यांखाली पाच घमेली मांडली. व्हॉल्व्ह उघडला. आम्ही तिघं माना वर करून बघत राहिलो. एकही थेंब नाही. आबांनी पान्ह्यानं पाईपवर टकटक केलं आणि म्हणाले, "पास." पाईपमधलं पाणी मी बादलीत काढून जास्वंदीला घातलं. मग बॉयलरपुढं फोडायचे तसा आबांनी व्हॉल्व्हपुढं नारळ फोडला.

मी टेबलावर तीन ताटं मांडली. आबा पंच्याला हात पुसत खोलीकडे वळले.

"आबा, बसा," मी म्हणाले. "त्या दिवशी बोलले ते चुकलं माझं. आता या टेबलावर सांडायचं काय राहिलंय? तुमी आदीच समदं सांडून घेतलंय."

ते एकदम हसले. सासूबाई गेल्यापासून त्यांचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. खुर्ची ओढून बसले.

वांग्याचं कालवण होतं आणि भाकरी. पहिल्या घासाला हात थरथरला, कालवण सांडलं. ते थांबले. लेक तिच्या नादात पाईपला आणखी कुठं आकडा बसवता येईल ते सांगत होती, ती सांगतच राहिली. दुसऱ्यांदा सांडलं तेव्हा ते थांबले नाहीत. त्या घडीला त्या गळक्या सांध्यांचे आणि लेकीच्या खोट्या पाईपचे मी मनोमन आभार मानले. वाया गेलेल्या पाण्याचेसुद्धा, आणि ते माणच्या बाईनं मानणं सोपं नाही.

"आजून एक घाल," आबा म्हणाले. मी भाकरी वाढली. ती संपली. "आर्दी दे." तीही संपली. मग उरलेली अर्धी त्यांनी स्वतःच उचलली. ताटातली पहिली धरून तीन भाकरी झाल्या.

दोन वर्षं मी त्यांच्या खोलीत दीड भाकरी नेऊन ठेवत होते. ताट रिकामं यायचं, म्हणून पोट भरत असेल असं समजत होते. आतून हाक मारून मागणं त्यांना जमलं नाही, आणि मला विचारायचं सुचलं नाही. आता भाकरीची टोपली त्यांच्या हाताशीच असते, आणि ती रोज रिकामी होते.