इंजिनाची मागची खिडकी

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. माझ्या मावशीने दात कोरूनच दोन मुलींची शिक्षणं पुरी केली. ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथल्या टेबलावर मेण, प्लास्टर, पॉलिशची चक्री आणि एका बशीत सुटे दात, निवडायला घेतलेल्या धान्यासारखे पसरलेले.

पुढे डॉक्टर बरंचसं काम मोठ्या लॅबकडे पाठवायला लागले. मावशीकडे दुरुस्त्या तेवढ्या उरल्या, आणि रिकामे हात तिला सोसेनात. घरी काकांनी एका फळीवर छोटं रेल्वेस्टेशन मांडलं होतं, रूळ, फलाट, सिग्नल, सगळं मापात. एकदा त्यांनी त्यासाठी डिझेलचं शंटिंग इंजिन आणलं, यार्डात डबे इकडून तिकडे ढकलतं ते. तळहातावर मावेल एवढं, हिरवंगार, चकचकीत, बाजूला रेल्वेचा नंबर.

मावशीने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "हे कामाला निघालंय असं वाटत नाही. लग्नाला निघाल्यासारखं दिसतंय."

"मग कसं हवं?" काकांनी विचारलं.

"सिमेंटच्या कारखान्यात होतं तसं."

कारखाना गावाच्या टोकाला होता, बंद पडून नऊ वर्षं झालेली. तिथलं इंजिनही मुळात रेल्वेचंच. जुनं झाल्यावर कारखान्याने ते घेतलं आणि आपल्या सोयीने बदलून घेतलं. मावशीने तेच करायला घेतलं. नंबर खरवडला. कारखान्याच्या कुंपणाआत फिरणाऱ्या इंजिनाला डब्यांच्या ब्रेकच्या नळ्या लागत नाहीत, त्या काढल्या. डबे जोडणाऱ्या माणसाला उभं राहायला रुंद पायरी बसवली. पुढे पिवळे-काळे तिरपे पट्टे मारले. कारखान्याच्या इंजिनाच्या केबिनला एका बाजूला ठिगळ होतं, ते तिने हिरड्यांसाठी वापरायच्या गुलाबी अ‍ॅक्रिलिकचं केलं. त्याला रंग लागेपर्यंत काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "आमच्या इंजिनाला हिरड्या आल्यात, दात यायचे बाकी आहेत." सिमेंटच्या धुळीला तर प्लास्टरची पूड हाताशी होतीच.

आधाराला तिच्याकडे एकच फोटो होता, कारखान्याच्या एका जुन्या पुस्तिकेतला.

इंजिन दवाखान्यामागच्या खोलीत वाळत असताना एक उंच म्हातारा सैल झालेली कवळी रुमालात गुंडाळून आला. त्याची मान डावीकडे वाकलेली होती. कवळी टेबलावर ठेवता ठेवता त्याची नजर इंजिनावर गेली.

"हे आमचं," तो म्हणाला. मग त्याने इंजिन फिरवून पाहिलं. "मागची खिडकी कुठंय?"

"मागे खिडकी नव्हती."

"होती. सतरा वर्षं चालवलंय मी हे, बाई."

मावशीने पुस्तिका काढून दाखवली. फोटोत इंजिन मागूनच दिसत होतं, आणि मागे सपाट पत्रा होता. ड्रायव्हरने पुस्तिका मिटली, टेबलावर पालथी टाकली आणि निघून गेला.

"वय झालं की माणसाला काहीही आठवतं," काका संध्याकाळी म्हणाले.

"तो कवळी विसरून गेला," मावशी म्हणाली. "बिनदातांचा माणूस इतका रागावून जातो म्हणजे काहीतरी असणार."

दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त केलेली कवळी घेऊन त्याच्या घरी गेली. कवळी नीट बसली. मग ती म्हणाली, "चला, आपण बघूनच येऊ."

कारखान्याच्या फाटकावरच्या वॉचमनने ड्रायव्हरला ओळखलं. "दहा मिनिटं," म्हणाला, आणि कुलूप काढलं. इंजिन शेडमागे उभं होतं, चाकं गवतात बुडालेली. रंगाचे पापुद्रे गेले होते, आणि केबिनच्या मागच्या पत्र्यावर वेल्डिंगने बंद केलेला एक चौकोन उघड दिसत होता. मावशीने त्याच्या कडेवरून बोट फिरवलं, कवळीची कड तपासावी तसं.

"माझा मेहुणा माझ्याबरोबर डबे जोडायला असायचा," ड्रायव्हर तिच्या मागून म्हणाला. "इंजिन मागे घेताना डावा कोपरा दिसायचा नाही. तो शिट्टी मारायचा, त्यावर मी जायचो. एकदा मला शिट्टी ऐकू आल्यासारखी वाटली. त्याने मारलीच नव्हती. त्याचा हात गेला."

मावशीने वाकून वेल्डिंग जवळून पाहिलं.

"त्याच आठवड्यात वेल्डरला धरून खिडकी कापून घेतली. कुणाला विचारलं नाही. चार महिन्यांनी साहेब आले. ड्रॉइंगमध्ये नाही म्हणाले. बंद करून वर रंग फासला. तुमचा फोटो त्यानंतरचा."

"आणि मग?"

"मग काय. डाव्या दारातून डोकं बाहेर काढून चालवलं. अकरा वर्षं."

परत येताना मावशीने विचारलं, "तुम्ही सांगाल तसं करते. उघडी करू की बंद?"

त्याने मागे वळून शेडकडे पाहिलं. मग म्हणाला, "बंदच करा. पण वेल्डिंग दिसू द्या."

ते करताना मावशीच्या नाकी नऊ आले. तीस वर्षं तिने सांधा दिसू नये म्हणून हात झिजवले होते. आता तो दिसायला हवा होता, आणि हात काही ऐकेना. दोनदा सांधा फार सुबक झाला, एकदा सगळाच पसरला. चौथ्या खेपेला जमलं.

एका शाळेच्या हॉलमध्ये हौशी लोकांच्या मॉडेलचं प्रदर्शन भरलं, तिथे काकांनी इंजिन ठेवलं. परीक्षकांनी शेरा मारला: "केबिनच्या मागचं काम ओबडधोबड." काका भांडायलाच निघाले होते. मावशीने त्यांना खाली बसवलं.

दुपारी ड्रायव्हर आला. बरोबर त्याचा मेहुणा होता, शर्टाची एक बाही दुमडून पिन लावलेली. तो इंजिनासमोर वाकून उभा राहिला. खिडकीच्या चौकोनाकडे त्याने पाहिलंही नसेल. तो पायरी बघत होता.

"माझ्या वेळी एवढी रुंद नव्हती," तो म्हणाला.

"नंतर केली," ड्रायव्हर म्हणाला.

"बरं केलं."

एवढंच बोलणं झालं. नंतर तिघांनी, काका धरून चौघांनी, बाहेरच्या टपरीवर चहा घेतला. ड्रायव्हरने नव्याने बसलेल्या कवळीने बिस्किट न बुडवता खाऊन दाखवलं. इंजिन मावशीने त्यालाच देऊ केलं. त्याने घेतलं नाही, मेहुण्याने घेतलं.

तेव्हापासून मावशीने अशी एकोणीस इंजिनं केली. वीटकारखान्याचं, बंदराचं, साखर कारखान्याचं. लोक फोटो पाठवतात. ती फोटो ठेवून घेते आणि निरोप धाडते, की ते चालवणारा कुणी हयात असेल तर त्याला आधी पाठवा. सध्या टेबलावर कागदाच्या गिरणीचं इंजिन आहे. त्याचे तीन ड्रायव्हर येऊन गेले आणि तिघांनी तीन रंग सांगितले. मावशीने अजून रंगाचा डबा उघडलेला नाही. चौथा येत्या आठवड्यात यायचा आहे, त्याच्या दाढेचंही काही काम आहे म्हणे.