बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे

एकसष्टाव्या वर्षी मी प्रथमच वादविवादात उभी राहिले. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवले. पण वर्गात मोकळा होणारा माझा आवाज चार मोठ्या माणसांपुढे कुठे लपून बसे, ते मला कधी उमगले नाही. सानपाड्याच्या ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत विषय होता : आरोपीला आवरताना पोलिसांनी त्याची मान आवळावी का, आणि तो दगावला तर जाब कोणी द्यावा? मी विरोधात होते. समोर होते तिथल्याच गावठाणातले एक निवृत्त हवालदार. आतून एक अनोळखी हुरूप उसळत होता.

हवालदार उठले. "मान धरली तर मानूस मरतो म्हनतात. अवो, धरलेला गडीच वरडतो, 'सायेब, श्वास कोंडतोय!' ज्याला बोलता येतंय त्याचा श्वास चालू हाय. आनि ह्ये माझं नाय बरं का. पोलीस ठान्यात प्रथमोपचार शिकवायला बाई आल्या व्हत्या, त्यांचं हाय. ह्याच त्या!"

हशा पिकला. "बाई, घ्या आता!" मागून कोणीतरी म्हणाले.

वाक्य माझेच होते; ठाण्यातही मी वर्गासारखीच फळ्यापुढे उभी राहून शिकवत होते. पण ते घशात घास अडकलेल्या माणसासाठी होते : तो बोलतो, खोकतो आहे तोवर हवा जाते आहे, त्याच्या पाठीत गुद्दे घालू नका. बसून घ्यावे, असे क्षणभर वाटले. मग मी लिहून आणलेली पाच पाने उलटी ठेवली.

"सगळ्यांनी श्वास सोडा. पूर्ण. आता आत न घेता आपले नाव सांगा."

सभागृहभर क्षीण, घोगरी नावे उमटली. हवालदारांचेही.

"बोलता आले ना? बोलणे बाहेर पडणाऱ्या हवेवर होते. आत हवा येते आहे की नाही, ते त्यातून कळत नाही. शिवाय मान आवळली की मेंदूकडे जाणारे रक्तही अडते. माझे वाक्य कुठे लागू नाही, हे मी तेव्हा सांगितले नाही. ती चूक माझी. माणूस मेला तर ज्याचा हात, त्याने जाब द्यावा. पण त्या हाताला शिकवणाऱ्यांनाही विचारा. मलासुद्धा!"

वेळ संपल्याची घंटा वाजली, तरी मी बोलतच होते!

बक्षीस हवालदारांना मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते शेजारच्या जुईनगरला माझ्या दारात हजर.

"बाई, एक जन आठवला. मी मान धरली आनि निपचित पडलेला. पानी मारलं, उठला. नसता उठला तर?" त्यांनी कोरा कागद पुढे केला. "नव्या भरतीला 'बोलतोय म्हंजी श्वास चालू' ह्येच शिकवलंय मी. तुमी लिवा, मी ठान्यात नेऊन देतो."

मी लिहिले : मान आवळू नये. धरलेला माणूस श्वास कोंडतो म्हणाला, तर त्याचे खरे मानावे आणि तत्काळ हात काढावा.

त्यांनी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "तुमची बी पायजे. इचारलं तर दोघांना इचारतील."

मीही त्यांच्या सहीखाली सही केली. ठळक आली.